प्रतिसाद: मुंबईतून ग्रह दिसतात, दीर्घिका नाही

वर कुणीतरी विचारलंय, मुंबईत चंद्राशिवाय काही दिसतच नाही, मग दुर्बीण घेऊन काय करायचं? अहो, ग्रहांना शहराच्या दिव्यांनी फारसा फरक पडत नाही. शुक्र, गुरू दादरच्या गच्चीवरूनही ठळक दिसतात. १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) कठड्यावर टेकवून गुरूकडे धरा, बाजूला त्याचे चंद्र जवळपास एका रेषेत दिसतील. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले तेच चार. शनीची कडी मात्र द्विनेत्रीत सुटी दिसत नाहीत, त्याला टेलिस्कोपच हवा.

हरतो आपण दीर्घिकांपुढे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या गॅलेक्सींपुढे. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर, त्यात तिचा उजेड आकाशात चंद्राच्या कितीतरी पट रुंद पसरलेला. आपल्या पिवळट आकाशात तो विरूनच जातो. तिच्यासाठी अमावास्येच्या आसपास कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीच्या पुढे, अंधाऱ्या आकाशाखाली जा (पावसाळा सोडून, हे सांगायला नकोच).

मुलांना मात्र आधी रोहिणी हा तारा दाखवा. अंतर सुमारे ६५ प्रकाशवर्षं, म्हणजे आज दिसणारा प्रकाश महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास निघालेला! हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या पोटातल्या बाणाची (ओळीतल्या तीन ताऱ्यांची) रेघ वाढवा, एका टोकाला व्याध हा तारा सापडतो, दुसऱ्या टोकाला लालसर रोहिणी.