गेटजवळचं झाड ठेवायचं की नाही

सावंत (ए-२०३): आज पहाटे परत फांदी पडली. या वेळी थेट माझ्या गाडीच्या बोनेटवर. फोटो टाकलाय. गेल्या वर्षीपासून बोंबलतोय. आता कोणाच्या डोक्यात पडायची वाट बघायची का?

म्हात्रे (सेक्रेटरी): सावंत साहेब, वाईट वाटलं. आसपास कोणी नव्हतं ना?

सावंत: पहाटे पाचला कोण असणार?

परांजपे काका: मागील वार्षिक सभेत यावर ठराव झाला आहे. विषय क्र. ७. इतिवृत्त पाहावे.

स्नेहल (बी-१०१): एवढं मोठं झाड बिल्डिंगला खेटून नकोच. दर पावसाळ्यात जीव मुठीत. एकदाचं काढून टाका.

नायर (बी-४०४): गच्चीची पन्हाळ पण त्याच्याच पानांनी तुंबते. गळती आमच्या बेडरूममध्ये.

म्हात्रे: गळतीचा विषय वेगळा आहे.

नायर: तीन वर्षं वेगळाच आहे.

गोखले बाई (ए-१०४): सावंत, तुमचा खर्च सोसायटीने द्यावा, या मताची मी आहे. पण झाड तोडू नका. मी आत्ता छत्री घेऊन खाली जाऊन आले. पडलेली फांदी वाळकी आहे. साल सुटलेली, आत भुसा. ती या पावसात मेलेली नाही, आधीच मेली होती. मे महिन्यात वाळकी फांदी उतरवली असती तर आज पडायला उरलीच नसती.
हा वर्षावृक्ष आपल्या बिल्डिंगच्या आधीपासून इथे आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, इथेही कंपाउंडमध्ये कमरेएवढं पाणी होतं. तेव्हा हा जागचा हलला नाही. त्यानंतर काय बदललं? आपण पेव्हर ब्लॉक पार बुंध्याला भिडवून सिमेंट ओतलं. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात. तिथे हवा नाही, पाणी मुरत नाही. मुळं श्वास घेणार कुठून?

तेजस (ए-४०१): बाई, मुळं श्वास घेतात? सातवीत सांगितलं नव्हतं तुम्ही 😄

गोखले बाई: सांगितलं होतं. तू मागच्या बाकावर होतास.

स्नेहल: 😂😂

सावंत: हसा. बोनेट माझं चेपलंय.

कदम काकू (बी-२०२): 🌹 शुभ सकाळ 🌹 आजचा दिवस आनंदात जावो

म्हात्रे: काकू, जरा विषय चालू आहे.

सावंत: माझ्या ओळखीचा माणूस आहे. संध्याकाळी येऊन वरून निम्मं उडवेल. ग्रुपवर होकार द्या फक्त.

म्हात्रे: तसं चालत नाही. झाडांचा १९७५ चा कायदा आहे, परवानगीशिवाय हात लावला तर सोसायटीवर केस. खासगी आवारातल्या झाडाला परवानगी पालिकेच्या उद्यान खात्याची, खर्च आपला. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात.

परांजपे काका: ठराव आधीच झालेला आहे. विषय क्र. ७.

गोखले बाई: शेंडा तर अजिबात उडवू नका. कापल्या जागी झाडूसारखे फुटवे येतात. ते नुसते वरवर धरलेले असतात, पुढच्या एखाद्या वादळात तेच मोडतात. उरलेल्या ठुंठात पाणी मुरून खोड कुजतं ते वेगळंच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर बी विंगच्या बाजूच्या सगळ्या फांद्या सरसकट काढल्या. तेव्हापासून भार एकाच अंगाला आहे.

स्नेहल: म्हणजे आमच्यामुळे झाड कललं? बाई, बोलताना जरा विचार करा.

गोखले बाई: तुमच्यामुळे नाही गं. छाटणाऱ्याने समोर दिसलं ते कापलं. रस्त्याकडचा भार थोडा कमी करायचा, वाळकं सगळं काढायचं, आणि बुंध्याभोवतीचे ब्लॉक उचलायचे. दिल्लीच्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने झाडाभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलंय. आपण वीतभरसुद्धा ठेवली नाही.
आणि आता खरं सांगते. तुम्ही सगळे वर्षावृक्षाकडे बघताय, मला काळजी आहे ती झोपाळ्याजवळच्या गुलमोहराची. बुंध्याशी, भिंतीच्या अंगाला, तळहाताएवढी दोन तपकिरी भूछत्रं आलीत. कडा पांढरी, लाकडासारखी कडक. म्हणजे आतलं लाकूड कुजतंय. काठीने ठोकून बघा, आवाज बद्द येतो. शिवाय त्याच्या मागची माती भेगाळून वर उचलली आहे. गुलमोहराची मुळं मुळातच उथळ. तो परवानगी काढून उतरवायला हवा, आणि झोपाळा आजच बंद करा.

कदम काकू: गुलमोहर ह्यांनी लावलाय. मुलगी झाली त्या वर्षी. त्याला कोणी हात लावायचा नाही.

तेजस: काकू, पण वरून तर मस्त हिरवा आहे?

गोखले बाई: वरून हिरवाच दिसतो, पडेपर्यंत. काकू, मला माहीत आहे ह्यांनी लावलाय. मी तेव्हा पाणी घालायला होते तुमच्याबरोबर. शेंगा भरपूर लागल्यात, त्याच्याच बियांचं रोप मी करून देते. भिंतीपासून लांब लावू. पण खाली पोरं खेळतात हो.

कदम काकू: हा मेसेज डिलीट केला आहे

सावंत: झोपाळ्यावर माझी धाकटी असते रोज.

म्हात्रे: झोपाळा बंद केला, वॉचमनने दोरी बांधली. सोमवारी दोन्ही झाडांचा अर्ज फोटोंसकट देतो, उद्यान खात्याचा माणूस पाहणीला येईल. मधे काही पडलं तर पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला फोन करा. ब्लॉक रविवारी काढू. पहार कोणाकडे आहे?

गोखले बाई: पहार नको. मुळं अगदी वर आहेत, घाव बसेल. ब्लॉक हाताने उचला, सिमेंट छिन्नीने हळूहळू.

परांजपे काका: मागील सभेत हाच ठराव झाला आहे. विषय क्र. ७.

म्हात्रे: काका, विषय क्र. ७ लिफ्टच्या पंख्याचा होता.

परांजपे काका: पान उलटावे.

तेजस: काकांचं बरोबर आहे. ७ (ब). 'झाडांच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढणे, एकमताने मंजूर.'

नायर: मग वर्षभर काढले का नाहीत?