मदत हवी आहे: जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीसाठी चुन्याचं काम येणारा मिस्त्री
भावांनो, आमचं गाव गडचिरोलीतल्या वडश्याजवळ, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) रात्री एका जुन्या वाड्याच्या अंगणात दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य) होते, सागवानी खांब अजून ठणठणीत आहेत पण रस्त्याकडची मातीची भिंत खालून ओलीनं फुगली, हात लावला की पोपडे गळतात. गावचा मिस्त्री म्हणते सिमेंटचा प्लास्टर मारा, पण सिमेंट ओल आत कोंडते अन् मग माती आणखीच खचते, मला ते नकोच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे चुन्याचं काम येणारा कोणी आहे का? कवेलू (छपराची मातीची कौलं) पण लागतील, जुने असले तरी चालतील. मालक वाडा पाडायचंच म्हणून राहिले होते, आता कसेबसे थांबलेत, अन् दिवाळी झाली की लगेच मंडई, त्याच्याआधी भिंत सावरलीच पाहिजे. नंबर असल्यास इनबॉक्स करा प्लीज.