उन्हाळा संपला, आता बागेत आधी काय हातात घेऊ?

बागवेडी: नमस्कार मंडळी, आमच्याकडे थंड प्रदेशात आता रात्री गार व्हायला लागल्यात आणि बागेत कामांचा नुसता ढीग पडलाय. टोमॅटो अजून हिरवेच, हायड्रेंजियाच्या झुडपाची फुलं वाळून तपकिरी झालीत, डॅफोडिल-ट्युलिपचे कंद आणून ठेवलेत, लॉनवर पानं पडतायत. वेळ मिळतो तो फक्त शनिवार-रविवारी, तर सुरुवात कुठून करू? आणि छाटणी आत्ताच करायची का?

मातीमित्र: आधी मातीतली कामं उरका. हवा गार झाली तरी माती अजून कोमट असते, त्यामुळे मुळं आत्ता पटकन धरतात, ही संधी दोन-चार आठवडेच असते हो. डॅफोडिल लगेच लावा, कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल, टोक वर. ट्युलिपला मात्र घाई नको, माती नीट गार झाल्यावर लावलेत की बुरशीचा त्रास कमी होतो, तोवर कागदी पिशवीत हवेशीर जागी ठेवा. डे-लिलीसारखे गच्च झालेले गड्डे असतील तर तेही आत्ताच फोडा. माती खणायचे दोन फोर्क (दातेरी फावडी) पाठीला पाठ लावून मधोमध खुपसायचे आणि दांडे आत-बाहेर हलवायचे, गड्डा सुटतो. कडेचे ताजे तुकडे लावायचे, मधला लाकूड झालेला भाग कंपोस्टात.

हिरवा_कोपरा: छाटणीचं मी सांगते. हायड्रेंजियाला प्लीज आत्ता हात लावू नका!! मोठ्या गोल फुलांची असेल तर पुढच्या वर्षीच्या कळ्या फांद्यांच्या टोकाला आत्ताच तयार असतात, वाळकी फुलं त्यांना थंडीत पांघरूण देतात. वसंतात काढा. लायलॅक, अझेलिया या फुलझुडपांचंही तेच, आत्ता कापलंत तर फुलंच जातील. आणि नायट्रोजनचं खत बंद करा, कोवळी फूट आली की पहिल्या फ्रॉस्टमध्ये (दव गोठतं अशा थंडीत) काळी पडते.

बागवेडी: बरं झालं विचारलं, कात्री काढूनच ठेवली होती! टोमॅटोचं काय?

मातीमित्र: रात्री १० अंशांच्या खाली जायला लागल्या की झाडावर पिकायची आशा सोडा. रंग बदलायला लागलेले आणि पूर्ण वाढलेले हिरवे तोडून घरात पिकलेल्या केळ्याबरोबर खोक्यात ठेवा, केळ्यातून इथिलीन वायू सुटतो त्याने पिकतात. डाग पडलेले वेगळे काढा, एक सडला की शेजारचेही जातात.

हिरवा_कोपरा: आणि लॉनवरची पानं जाळू नका. ओली करून भोकं पाडलेल्या पिशवीत भरून कोपऱ्यात ठेवा, वर्ष-दोन वर्षांत काळंभोर भुसभुशीत पानखत होतं.