'संयम' नको तर मग काय?

खानापूरची सून: शिबिरासाठी बायकांच्या माहितीपत्रकाचं मराठी करायलेय. मुळात 'पीरियड्स ऑफ ॲब्स्टिनन्स' आहे, म्हणजे शरीरसंबंध नसतात तो काळ, आणि आधी कुणीतरी 'पाळीतला संयम' करून ठेवलंय. पीरियड दिसला की पाळी! नुसतं 'संयम' ठेवलं तर शेजारच्या वैनी वाचून हसल्या. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत, वर्षातनं दोनदा सुट्टी. म्हणाल्या, "मी कसला संयम करतो गं, माणूसच घरात नाही."

निपाणीकर: ब्रह्मचर्य. तयार शब्द असताना शोधता कशाला?

चिकोडीची आक्का: चार लेकरांच्या आईला ब्रह्मचारिणी म्हणून बघा, लाटणं घेऊन येईल. आणि तो पहिला आश्रम हो, गुरूकडं राहून शिकायचा.

टिळकवाडी: 'संबंधात खंड' लिहा की.

चिकोडीची आक्का: खंड म्हटलं की परत सुरू होणार असं वाटतंय. विधवांचं काय?

नर्सबाई: शब्द कुठलाबी घाला, खालचा मजकूर तेवढा नीट लिहा. बायका दार लावून हळूच विचारतात, नवरा नाही म्हणून आतनं सुकतं का, वाट बंद होते का. तसलं काही होत नाही, पाळीबी त्यानं थांबत नाही. कोरडेपणा येतो तो बहुतेक पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झाल्यानं, त्याला औषध आहे. आणि 'आता आमचं तसलं काही नाही' म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी टाळतात, ते चूक. जुन्या संबंधातनं आलेला एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू, वर्षानुवर्षं गप बसून राहू शकतो.

निपाणीकर: गर्भाशयमुख, बघा किती स्वच्छ शब्द! नाहीतर ते 'पाळी', आळीपाळीतलं.

चिकोडीची आक्का: आमची आजी पाळी म्हणायचीच नाही. 'कावळा शिवला' म्हणायची. कन्नडात मुट्टु म्हणजे शिवणं आणि पाळीलाबी मुट्टुच. कावळा कन्नडातनंच उडत आला असणार.

निपाणीकर: काहीही! प्राकृतात छिवइ आहे, त्यातनं शिवणे.

चिकोडीची आक्का: शब्द तिकडचा असूद्या ओ, कल्पना कुणाची?

टिळकवाडी: मग विटाळ कुठला?

खानापूरची सून: अहो, मंगळवारी छापायला द्यायचंय. सध्या 'नवरा जवळ नसताना' घातलंय. तेबी वैनींना दाखवलं, तर म्हणाल्या, ज्यांचा जवळ असून नसल्यासारखा, त्यांनी हे वाचायचं नाही होय?