मातीतून गादीवर : सव्विसाव्या वर्षी पहिली स्पर्धा, तयारी, बूट आणि वजनगट यांविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न : पंचगंगाकाठ

सप्रेम नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातील एका गावात राहतो आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाळीने नोकरी करतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून गावच्या तालमीत जातो. मध्ये पदविकेच्या शिक्षणासाठी तीन वर्षे खंड पडला, पण गेली चार वर्षे पहाटेच्या मेहनतीचा नेम सहसा चुकलेला नाही. आमच्या तालमीत लाल मातीचा हौद आहे, गादी नाही. यात्रा-जत्रांच्या फडांत दोन-तीन हजार रुपये इनामाच्या कुस्त्या मी केल्या आहेत. कुस्तीवर पोट भरायचे नाही, पण वय उलटण्याआधी एकदा तरी गादीवरच्या रीतसर स्पर्धेत उतरायचे, अशी मनापासून इच्छा आहे. तीन महिन्यांनी जिल्ह्यात खुल्या गटाची स्पर्धा होणार आहे आणि तिच्यात नाव देण्याचे ठरवले आहे.

त्यासाठी गेल्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा शेजारच्या गावातील क्रीडासंकुलात गादीवर सराव सुरू केला. पहिल्याच दिवशी माझी जोड एका एकोणीस वर्षांच्या महाविद्यालयीन मुलाशी लावली. वजनाने तो माझ्याइतकाच होता, ताकदीने काहीसा कमीच. त्याने एकेरी पट काढला, म्हणजे माझा एक पाय धरून मला खाली घेतले, आणि मी सवयीने पालथा पडून अंग घट्ट केले. मातीत मला असे कोणी सहजासहजी उलटवू शकत नाही. त्याने मात्र माझे दोन्ही घोटे एकत्र आवळले आणि चार वेळा गरगर फिरवले. शिट्टी वाजली तेव्हा काय झाले हेही मला कळले नव्हते. पटाचे दोन आणि प्रत्येक फिरकीचे दोन, असे दहा गुण होऊन कुस्ती संपली होती. खांदे एकदाही टेकले नाहीत, घड्याळात मिनिटही झाले नव्हते, तरी मी हरलो होतो.

त्या दिवसापासून तीन प्रश्न मनात आहेत. मातीतली इतक्या वर्षांची सवय तीन महिन्यांत बदलता येते का आणि त्यासाठी सराव नेमका कसा आखावा? आजवर अनवाणीच खेळल्यामुळे बूट आणि इतर साहित्य कसे निवडावे? आणि सध्या उपाशीपोटी माझे वजन ७६.४ किलो भरते, तर ७४ किलोच्या गटात उतरावे की ७९ च्या? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : जुना हौद

आपण वर्णन केलेली कुस्ती वाचून मला माझ्या तालमीतली निम्मी पोरे आठवली, कारण गादीवर पहिल्यांदा गेलेला मातीतला पैलवान बहुधा असाच हरतो. फडात चितपट झाल्याशिवाय निकाल लागत नाही. त्यामुळे पालथे पडणे हा तिथे बचाव असतो : कोपरे आणि गुडघे मातीत रुतवून खालचा पैलवान दम खातो, वरचा घिस्सा, घुटना असे डाव लावून बघत राहतो, आणि प्रेक्षकही तेवढा वेळ देतात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मध्ये तीस सेकंदांचा विसावा असतो, आणि दहा गुणांची आघाडी होताच कुस्ती तिथेच संपते. ताबा गेला की दोन गुण जातात आणि पाठ गादीकडे झुकली की आणखी दोन. खांदे टेकण्याची वाट तिथे कोणी पाहत नाही. म्हणून आपल्याला सर्वांत आधी सोडायची आहे ती पालथे पडून थांबण्याची सवय.

आठवड्यातून दोनदा मिळणारी गादी खुल्या लढतींवर खर्च करू नका. निम्मा वेळ असा द्या : आपण खाली, जोडीदार पाठीवर कंबर धरून, शिट्टी झाली की दहा सेकंदांत उठून समोरासमोर यायचे. फिरवू लागलाच तर कंबर खाली दाबून पाय फाकवायचे आणि घोटे एकमेकांपासून लांब ठेवायचे, कारण घोटे जुळले की पुढचे सगळे आपल्या हातात राहत नाही. हे वीस-पंचवीस वेळा करा. महिनाभर कंटाळा येईल, पण पट गेल्यावर अंग आपोआप उठू लागले की काम झाले असे समजा.

दुसरी गोष्ट हद्दीची. जत्रेतल्या फडात रेटत-रेटत कडेला गेलो तर पंच पुन्हा मध्ये आणून जोड लावतात. गादीवर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ असते, त्यातला शेवटचा एक मीटर रुंद पट्टा नारिंगी असतो, आणि पाय वर्तुळाबाहेर पडला की समोरच्याला एक गुण मिळतो. तालमीबाहेरच्या मोकळ्या जागेत फक्कीने तेवढे वर्तुळ आखा आणि त्यात नुसती रेटारेटी करा, कडेला पोहोचलात की बाजूला वळून मध्यभाग परत घ्या. यासाठी गादीची गरजच नाही. लांबलेली खडाखडी, म्हणजे सुरुवातीची नुसती हातांची झटापट, हीही आवरा, कारण कुस्ती टाळतो आहे असे पंचांना वाटले तर आधी समज मिळते, नंतर तीस सेकंदांची मुदत लागते, आणि त्या मुदतीत कोणीच गुण घेतला नाही तर गुण समोरच्याच्या नावावर जमा होतो. शिवाय एक-एक अशी बरोबरी राहिली तर शेवटचा गुण ज्याचा, त्याची कुस्ती. असे निकाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत आणि हरलेल्या पोराला ते समजावताना जीव कासावीस होतो.

जोर-बैठका सोडू नका, फक्त त्यांची मांडणी बदला. एकसलग पाचशे बैठका काढण्याऐवजी तीन मिनिटे पूर्ण जोराने, तीस सेकंद थांबा आणि पुन्हा तीन मिनिटे, असे आठवड्यातून तीन दिवस करा. माती तर मुळीच सोडू नका. मान, मनगट आणि पकड यांची जी ताकद माती खणून आणि मातीत झुंजून येते, ती गादीवरच्या पोरांकडे क्वचितच दिसते, आणि आपला ढाक हा डाव त्यांनी फारसा पाहिलेला नसतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी आणि तिथले नियम त्यांना नवखेच होते. त्या वेळी ते सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्यांना चार वर्षे मिळाली, आपल्याकडे तीन महिने आहेत. पण आपली स्पर्धाही जिल्ह्याची आहे, तेव्हा मन लहान करू नका.

वजनाबाबत माझे मत स्पष्ट आहे : पहिली स्पर्धा ७९ मध्ये खेळा. नवे नियम, नवी जागा आणि त्यात उपासमार, अशी तीन ओझी एकदम घेऊ नका.

उत्तर : सातारकर गादीवाला

साहित्याविषयी मी लिहितो, कारण त्याची किंमत मी गुडघ्याने मोजली आहे. सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्यात आलो आणि गादीवर खेळू लागलो. नवे बूट पायाच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घेतले, आणि घेतले त्याच दिवशी पूर्ण जोराची कुस्ती केली. समोरच्याने ओढून वळवले तेव्हा माझे अंग वळले, पण बुटाचा तळ गादीला चिकटून जिथल्या तिथे राहिला. गुडघ्याच्या आतल्या बाजूने कापड फाटल्यासारखा बारीक आवाज आला. आतला अस्थिबंध अर्धवट फाटला होता आणि पुढचे दोन महिने खेळ बंद राहिला. मातीत पाय रुततो, पण जोर आला की माती सुटते आणि पायही सुटतो. गादी आणि रबर यांची पकड मात्र सुटत नाही. इतकी वर्षे अनवाणी खेळलेल्या पायाला हे शिकायला वेळ लागतो. म्हणून पहिले दोन आठवडे बूट घालून फक्त पवित्रा, पावले टाकणे आणि हलका पट एवढेच करा, आणि वळताना पंजावर फिरण्याची सवय लावा.

बूट घेताना सरावात वापरणार तेच मोजे घालून माप पाहा. अंगठा पुढे जेमतेम टेकावा आणि टाच अजिबात उचलली जाऊ नये. तळ पातळ आणि सपाट हवा, घोटा झाकला गेला पाहिजे. धावण्याचे बूट गादीवर कधीही घालू नका, कारण त्यांच्या जाड टाचेमुळे घोटा मुरगळतो, आणि टाच किंवा धातूचा भाग असलेले बूट स्पर्धेत चालतही नाहीत. नाडी सुटली तर कुस्ती थांबते, म्हणून नाडी बांधून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळतात. घरी तीही सवय करून घ्या. महागड्या परदेशी जोडाची पहिल्या वर्षी गरज नाही, मापात बसणारा देशी जोड पुरे. तो रस्त्यावर घालून येऊ नका, पिशवीत आणा आणि गादीच्या कडेला घाला.

कॉस्च्युम, म्हणजे गादीवरचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, दोन लागतील, एक लाल आणि एक निळा, कारण कोणता रंग वाट्याला येईल हे जोड लागल्यावरच कळते. आत लंगोट नेहमीसारखाच राहू द्या. गुडघ्यांसाठी मऊ, धातूची पट्टी नसलेले नीकॅप घ्या. मातीत गुडघा टेकून पट काढण्याची आपली सवय गादीवर कातडी सोलते. सरावात कानांचे मऊ संरक्षक वापरलेत तर उत्तम. आणखी एक गोष्ट मातीतल्या मंडळींच्या लक्षात येत नाही : स्पर्धेच्या सकाळी तेलाची मालीश करू नका. अंग तेलकट असेल तर गादीवर उतरू देत नाहीत. नखेही आदल्या रात्रीच कापून ठेवा.

उत्तर : क्रीडावैद्य, मिरज

वजनाच्या प्रश्नावर मी ‘जुना हौद’ वस्तादांशी अर्धा सहमत आहे. ७६.४ वरून ७४ म्हणजे २.४ किलो. बारा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला फक्त २०० ग्रॅम होतात, आणि रात्रीचा भात निम्मा करून, चहातली साखर आणि कारखान्याच्या कँटीनमधले तळण सोडून ते सहज साधते. दूध, अंडी, डाळ, बदाम यांना हात लावू नका. उलट ७९ मध्ये आपल्याला ८२-८३ वरून खाली आलेले पैलवान भेटतील, हेही लक्षात घ्यायला हवे. म्हणून माझा सल्ला असा : दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. सहाव्या आठवड्याच्या शेवटी ७५.२ किंवा त्याखाली असाल तर ७४ चा विचार करा, नसाल तर विनातक्रार ७९.

मात्र शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून, स्वेटरवर स्वेटर चढवून किंवा वाफ घेऊन वजन उतरवण्याचा मार्ग आपल्यासाठी पूर्ण बंद समजा. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवान असेच वजन उतरवताना दगावले, आणि त्यानंतर तिथे रबरी पोशाख व बाष्पस्नान यांवर बंदी आली. पूर्वी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन आदल्या संध्याकाळी घेत, आता ते कुस्तीच्या दिवशी सकाळीच घेतात, त्यामुळे सुकलेले शरीर पुन्हा भरून यायला वेळच उरत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट यांचे वजन अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलोहून केवळ १०० ग्रॅम अधिक भरले आणि त्या अपात्र ठरल्या. ज्यांच्यामागे वैद्य आणि आहारतज्ज्ञांचे पथक होते, त्यांच्या बाबतीत हे घडले. रात्रपाळी करून येणाऱ्या हौशी पैलवानाने त्या वाटेला जाऊ नये, असे मी कळकळीने सांगतो.

दोन गोष्टी तरुण पैलवान लपवतात, म्हणून त्या आवर्जून लिहितो. कान घासून सुजला आणि दाबल्यावर आत पाणी भरल्यासारखा मऊ लागला, तर ते कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये साकळलेले रक्त असते. ते दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडून काढून घेऊन कानावर दाबपट्टी बांधली तर कानाचा आकार टिकतो, नाहीतर ते घट्ट होऊन कान कायमचा आकसतो. मोडलेला कान हे पैलवानकीचे भूषण मानतात, हे मला ठाऊक आहे. निर्णय आपला आहे, पण तालमीतल्या तालमीत सुईने टोचण्याचा उद्योग कृपया कोणी करू नये, त्यातून कूर्चेत पू होतो. दुसरी गोष्ट गजकर्णाची. अंगावर गोल, कडेने लालसर, खाजरा चट्टा दिसला तर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणू नका. चार दिवस तो फिकटतो आणि नंतर दुप्पट पसरतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, चट्टा जाईपर्यंत गादीवर जाऊ नका आणि टॉवेल कोणाला देऊ नका. वजनाच्या वेळी त्वचा तपासतात आणि संसर्ग आढळला तर उतरू देत नाहीत. तीन महिन्यांची मेहनत एका चट्ट्यापायी वाया गेलेला मुलगा माझ्याकडे आला होता.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी तालमीच्या मागच्या पटांगणात फक्कीने वर्तुळ आखले आणि आम्ही चौघे तासभर त्यात नुसते रेटत होतो. वीस मिनिटांत मी अकरा वेळा बाहेर गेलो, तेव्हा हा सराव किती गरजेचा होता ते कळले. बुटांचे माप मोजे घालून पाहिले आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर लहान जोड घेतला. वजनाची वही सुरू केली आहे, सहा आठवड्यांनी आकडा इथे कळवीन. एकच शंका राहते : रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सहाला सुटल्यावर थेट मेहनत करावी की झोप घेऊन संध्याकाळी?

जुना हौद

झोप घ्या. जागरणाच्या अंगाने गादीवर गेलात तर पट गेल्यावर अंग पुन्हा जुन्या सवयीने पालथेच राहील. त्या आठवड्यात संध्याकाळी फक्त खालून उठण्याचा सराव आणि वर्तुळातली रेटारेटी ठेवा, जोराच्या कुस्त्या दिवसपाळीच्या आठवड्यात करा. प्रवेशिका भरण्याआधी स्पर्धेचे परिपत्रक नीट वाचा, कारण स्थानिक स्पर्धांत कधी एक-दोन किलोंची सवलत असते आणि कधी मुळीच नसते. सवलत असेल तर वजनगटाचा सगळा हिशेबच बदलेल.