शब्दचर्चा : घडीचा टप, पिळदार गाडी आणि ‘जीर्णोद्धार’

प्रश्न

मी मिशिगनमध्ये राहतो. आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी आपली १९६६ सालची पोंटिअॅक जीटीओ विकायला काढली आहे. लाल रंग, पांढरा टप, बघत राहावी अशी गाडी. माझ्या बाबांचं सांगलीत चाळीस वर्षं गॅरेज होतं. त्यांना फोटो पाठवला तर म्हणाले, “जाहिरातीत काय लिहिलंय ते मराठीत वाच.” आणि मी अडखळलो. मसल कार, कन्व्हर्टिबल, फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन, नंबर्स मॅचिंग. शब्दकोशात कन्व्हर्टिबलसमोर ‘परिवर्तनीय’ दिसतं. बाबांना हे कसं सांगू?

प्रतिसाद

‘परिवर्तनीय’ कर्जरोख्यांसाठी राहू द्या. तो शब्द ऐकून तुमच्या बाबांच्या डोळ्यांपुढे गाडी उभी राहणार नाही. त्यांना हवा तो शब्द तुम्हीच प्रश्नात वापरला आहे : टप. टांग्याचा टप, जीपचा टप, एसटीच्या टपावर टाकलेली पोती. ‘घडीच्या टपाची गाडी’ म्हणा, लगेच कळेल. ‘उघडी गाडी’ म्हणू नका, तिला मुळात टपच नसतो असं वाटतं. कापड लोखंडी कमानींवर ताणलेलं असतं आणि मागे नेलं की घडी होऊन सीटच्या पाठीमागे बसतं. ‘घडीचा’ म्हटलं की हे सगळं आलं. अमेरिकेत लोक लाडानं ‘रॅगटॉप’ म्हणतात, म्हणजे चिंध्यांचा टप. तिथंही बोलणाऱ्यांनी कापडच पकडलं आहे.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलो आहे. आपल्याकडे ‘हूड’ म्हणजे वरचं आच्छादन, रिक्षाचं हूड असतं तसं. हा इंग्रजांकडून आलेला अर्थ. अमेरिकेत मात्र हूड म्हणजे आपलं बॉनेट. जाहिरातीत ‘ओरिजिनल हूड’ असेल तर टप मूळचा आहे असं बाबांना सांगू नका. बॉनेटचा पत्रा मूळचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. घडीच्या टपाच्या गाडीत ही चूक फार महागात पडेल. ‘ट्रंक’ म्हणजे डिकी, हे तुम्हाला माहीत असेलच.

‘हार्डटॉप’बद्दलही सावध राहा. आपण पत्र्याच्या टपाच्या जीपला हार्डटॉप म्हणतो. त्या काळच्या अमेरिकी गाड्यांत हार्डटॉप म्हणजे पक्क्या टपाची, पण बाजूच्या पुढच्या आणि मागच्या काचांमधला खांब नसलेली गाडी. काचा खाली केल्या की बाजू सलग मोकळी. नजरेला घडीच्या टपाच्या गाडीसारखी दिसावी म्हणूनच ती तशी बनवली होती.

आता ‘मसल कार’. इथे आधी वस्तू समजून घ्यायला हवी. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. १९६४ साली जनरल मोटर्सच्याच पोंटिअॅक विभागातल्या अभियंत्यांनी यातून वाट काढली. मुख्य अभियंता होते जॉन डिलोरियन. टेम्पेस्ट ल माँ या मधल्या गाडीवर सुमारे २९५ डॉलरांचं जादा पॅकेज म्हणून त्यांनी जीटीओ दिली आणि तिच्यात मोठ्या पोंटिअॅकचं ३८९ घनइंची व्ही-८ इंजिन बसवलं. नियम नव्या मॉडेलला होता, पॅकेजला नव्हता. ३८९ घनइंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर. बाबांना सांगा की आपल्या अॅम्बॅसेडरचं इंजिन १४८९ सीसीचं होतं, तशी चार इंजिनं एकत्र केली तरी इथे थोडी कमीच पडतात.

मध्यम अंगाच्या गाडीत थोराड इंजिन, हा ‘मसल’चा गाभा. म्हणून ‘स्नायू’ नको. तो शरीरशास्त्राच्या पुस्तकातला शब्द आहे. तालमीतल्या माणसाला आपण स्नायूवाला म्हणत नाही, पिळदार म्हणतो. ‘पिळदार गाडी’ मला पटते. गंमत अशी की या गाड्या नव्या होत्या तेव्हा अमेरिकेतली मासिकं त्यांना ‘सुपरकार’ म्हणत. ‘मसल कार’ हे नाव मागाहून पक्कं झालं.

आणखी एक शंका

पिळदार म्हणजे अंगानं नीट बांधलेला. ‘दांडगी गाडी’ का नको? आणि फोर्डच्या मस्टँगलाही हेच म्हणायचं का?

प्रतिसाद

‘दांडगी’त आकार येतो, आणि ही गाडी त्या काळच्या अमेरिकेत आकारानं मोठी नव्हती. दांडग्या म्हणाव्यात अशा गाड्या होत्या कॅडिलॅक. त्यामुळे मी पिळदारवरच राहीन.

मस्टँग १९६४च्या एप्रिलमध्ये आली आणि तिच्या नावावरून ‘पोनी कार’ हा वेगळा प्रकारच सुरू झाला : अंगानं लहान, लांब नाकाची. पुढे तिच्यातही मोठी इंजिनं आली आणि दोन्ही नावं एकमेकांत मिसळली. पण फरक लक्षात ठेवा, कारण तुमच्या तिसऱ्या शब्दाशी त्याचा थेट संबंध आहे. जीटीओची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी आणि बॉडी वेगळी, नटबोल्टांनी जोडलेली. म्हणून ‘फ्रेम-ऑफ’ म्हणजे ‘चासीवरून बॉडी उतरवून’ केलेलं काम. मस्टँगला वेगळी चासीच नाही. तिच्या जाहिरातीत ‘फ्रेम-ऑफ’ लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याला तरी गाडी कळलेली नाही किंवा तो वाचणाऱ्याला फसवतो आहे.

घडीच्या टपाच्या गाडीची बॉडी उतरवणं जोखमीचं असतं. पक्का टप बॉडीला वरून बांधून ठेवतो. इथे तो नाही. बॉडी उचलण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत लोखंडी बार वेल्ड करून किंवा बोल्टनं आवळून टाकावे लागतात. नाही तर बॉडी मधून वाकते आणि मग दार काही केल्या नीट बसत नाही. याच कारणानं जीटीओच्या घडीच्या टपाच्या गाडीला चासीही जास्त ताठ दिली होती, बाजूच्या पट्ट्या चारही अंगांनी बंद, पेटीसारख्या. बाबांना म्हणावं, फोटोत दार आणि मडगार्डमधली फट बघा. वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर काम करणारा जाणकार होता.

‘रिस्टोरेशन’साठी मी ‘जीर्णोद्धार’ सुचवतो. दुरुस्ती म्हणजे गाडी चालती करणं. डागडुजी म्हणजे जिथं फुटलं तिथं ठिगळ. डेंटिंग-पेंटिंग तर नुसतं वरवरचं. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं, आणि अशा गाडीचा फ्लोअर बहुधा कापूनच बदलावा लागतो. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी ती पुन्हा उभी करायची : तोच रंग, तेच सीटचं कापड, स्क्रूची डोकीसुद्धा त्याच घडणीची. जीर्ण झालेल्याचा उद्धार हा शब्द या कष्टांना शोभतो. मात्र आत आधुनिक इंजिन आणि डिस्क ब्रेक घातले असतील (तिकडे ‘रेस्टोमॉड’ म्हणतात) तर जीर्णोद्धार म्हणू नका. ते नूतनीकरण.

जिला कोणी हातच लावलेला नाही, मूळ रंग अजून अंगावर आहे, तिला ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. तिच्यासाठी ‘जतन केलेली’ पुरे. वाड्यांच्या बाबतीत जतन आणि जीर्णोद्धार यांत आपण जो फरक करतो तोच इथे. माझं मत विचाराल तर जतन केलेली गाडी, रंग उडालेली असली तरी, मला जास्त मोलाची वाटते.

राहिलं ‘नंबर्स मॅचिंग’. याचं सरळ भाषांतर ‘नंबर जुळतात’ केलंत तर बाबा चुकीचंच समजतील, यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे नंबर जुळणं म्हणजे आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर सापडणं. इंजिन बदललं आणि आरटीओत नोंदवून घेतलं तरी नंबर जुळतातच. अमेरिकेत अर्थ कडक आहे : जन्माच्या वेळी जे इंजिन बसवलं होतं तेच अजून गाडीत आहे. म्हणून ‘मूळ इंजिनाची गाडी’ म्हणा.

१९६६ची असल्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचं एक बरं आहे. त्या साली जीटीओ पॅकेज न राहता स्वतंत्र मॉडेल झाली. गाडीच्या नंबरची (नंबरप्लेटच्या नव्हे, कारखान्यानं दिलेल्या) सुरुवात २४२६७ अशी हवी. २४२ म्हणजे जीटीओ, ६७ म्हणजे घडीचा टप. १९६४ आणि ६५च्या गाड्यांत जीटीओ नंबरवरून ओळखू येत नाही, म्हणून साध्या ल माँला बिल्ले लावून जीटीओ म्हणून विकणं सोपं जातं. अशा गाडीला ‘क्लोन’ म्हणतात. मालकानं आधीच सांगितलं तर ती ‘नक्कल’, लपवलं तर ‘बनावट’. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत ते बरं आहे. खात्री करायची तर पोंटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस कारखान्याच्या जुन्या नोंदींच्या प्रती देते. त्या वर्षी ९६,९४६ जीटीओ विकल्या गेल्या आणि त्यांतल्या १२,७९८ घडीच्या टपाच्या होत्या.

आणि ‘व्हिंटेज’ लिहू नका. २०२१च्या आपल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी कागदावर व्हिंटेज ठरते खरी, पण जुन्या गाड्यांची माणसं तो शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांसाठी राखून ठेवतात. इथे ‘क्लासिक’ असूच द्या.

प्रश्नकर्त्याकडून

काल रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवलं : “क्लासिक पोंटिअॅक जीटीओ, १९६६, घडीचा टप, मूळ इंजिन, चासीवरून बॉडी उतरवून जीर्णोद्धार केलेली, विकणे आहे.” टप आणि मूळ इंजिन त्यांनी एका दमात घेतलं. ‘जीर्णोद्धार’ला थांबले. म्हणाले, “तो देवळाचा. आम्ही म्हणायचो, गाडी नव्यानं बांधली. पत्रा कापला, फ्लोअर टाकला, इंजिन खोलून परत बांधलं, सगळी बांधली.”

प्रतिसाद

बाबांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा चांगला आहे. ‘बांधली’मध्ये माणसाचे हात दिसतात, ते ‘जीर्णोद्धार’मध्ये दिसत नाहीत. फक्त ‘मूळ होती तशी’ हे त्याला जोडा, कारण नव्यानं बांधलेली गाडी वेगळीही असू शकते. ‘मूळ होती तशी नव्यानं बांधलेली.’ मी माझ्या वहीत आज तसंच लिहून ठेवलं.

प्रश्नकर्त्याकडून

जोडलं. बाबांनी आता मला शेजाऱ्यांकडे पाठवलं आहे, टप उघडा-बंद करताना मागची काच कुठे दुमडते ते बघून यायला.