केबल मोडेमला चांगला चॅनल पक्का करून देता येतो का? (मालवण)

नारळीबाग: मंडळी, डॉक्सिस ३.० (केबलवरच्या इंटरनेटचं मानक) मोडेम आहे, ८ डाउनस्ट्रीम (घराकडे येणाऱ्या) आणि ४ अपस्ट्रीम (घरातून जाणाऱ्या) चॅनलांचा. पाऊस लागल्यापासून कधी ८ चॅनल लॉक दिसतात, कधी ३. अपस्ट्रीम चारवरून दोनवर येतात, फ्रिक्वेन्सी कधी ३० मेगाहर्ट्झ, कधी ५८. केबलवाला म्हणतो मोडेम बदला. त्यापेक्षा एकच चॅनल कायमचा लावता येईल का? बदलायचाच तर कोणता घेऊ?

खाडीपार_आरएफ: नाही लावता येत. चॅनल मोडेम निवडत नाही, पलीकडचं केबलवाल्याचं यंत्र, म्हणजे सीएमटीएस, वाटतं. मोडेम आधी जुन्या फ्रिक्वेन्सीवर, मग सगळीकडे शोधत एक डाउनस्ट्रीम पकडतो. त्यावरच अपस्ट्रीमची माहिती आणि कधी बोलायचं याचं वेळापत्रक येतं. मग रेंजिंग: मोडेम हळू आवाजात हाक मारतो, उत्तर येईपर्यंत पॉवर चढवतो. नंतर आयपी, कॉन्फिग फाइल आणि नोंदणी. उरलेल्या चॅनलांची यादी मोडेमच्या हातात पडते ती नोंदणीच्या उत्तरात. काही मोडेमांत सुरुवातीची फ्रिक्वेन्सी भरता येते, पण तिने फक्त शोध लवकर संपतो. सीएमटीएस पुढच्या मिनिटाला हलवू शकतं.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हे मोडेमचं पान उघडून लेव्हल (येणाऱ्या सिग्नलची ताकद), एसएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे), अपस्ट्रीम पॉवर आणि लॉग इथे टाका.

नारळीबाग: डाउनस्ट्रीम −११ ते −१४ डीबीएमव्ही (सिग्नलच्या ताकदीचं एकक), एसएनआर ३० ते ३२. दोन अपस्ट्रीम असतात तेव्हा पॉवर ५४, ६४ क्वाम (सिग्नलवर माहिती चढवायची पद्धत). लॉगमध्ये टी३ (मोडेमच्या हाकेला वेळेत उत्तर न आल्याची नोंद) भरपूर.

खाडीपार_आरएफ: मग मोडेम निर्दोष आहे. येणारा सिग्नल कमी आणि जाणारा जोर लावून, म्हणजे दोन्हींच्या वाटेत एकच अडथळा. आणि दोनच अपस्ट्रीम का, ते ५४ मध्येच आहे. ६४ क्वामला ३.० मोडेम एका चॅनलवर ५७ पर्यंत जाऊ शकतो, दोनवर ५४, चारवर फक्त ५१. चार चालवायचे तर ताकद पुरत नाही. सलग १६ टी३ झाले की मोडेम पहिल्यापासून सुरू करतो.

डाउनस्ट्रीम ±७ मध्ये, एसएनआर ३५ च्या वर आणि अपस्ट्रीम ४८ च्या खाली आणायचं.

सड्यावरचा: आधी स्प्लिटर (एक वायर अनेक तोंडांत वाटणारा जोड) मोजा. दोन तोंडांचा साधारण ३.५ डीबी खातो, चार तोंडांचा ७. टीव्हीसाठी चारचा लावून दोन तोंडं मोकळी सोडली असतील तर दोनचा लावा.

मग खांबावरचा टॅप (मुख्य लाइनमधून घराची वायर फुटते तो जोड) ते घर. किनाऱ्यावर एफ कनेक्टरच (वायरच्या टोकाचा फिरवून लावायचा जोड) दगा देतो: खारं वारं आत शिरतं, पितळेवर हिरवी पूड धरते. उघडून पाहा. हिरवं किंवा ओलं असेल तर पुसत बसू नका, केबल वीतभर मागे कापा. केबलमधली तारेची जाळी काळी पडली असेल तर पाणी केबलमध्येच शिरलंय. टॅपपासून घरापर्यंतची अख्खी ड्रॉप वायर नवी आरजी-६ टाका, बाहेरच्या वापराची. चेपायचा कनेक्टर नको, कॉम्प्रेशनचा घ्या. मधली तार कनेक्टरच्या कडेपासून ३ मिलिमीटर बाहेर हवी. बोटांनी घट्ट, वर ११ च्या पान्याने पाव फेरा, त्यावर रबरी सेल्फ फ्यूजिंग टेप. साधी काळी टेप पाणी आत अडकवून ठेवते. घरात शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या, पाणी तिथेच ठिबकेल.

टॅपला हात केबलवाल्यानेच लावायचा. शिडीवर चढायला पावसाळा काही शुभ नव्हे.

नारळीबाग: ३० चं ५८ का होतं मग? आणि भाचा अमेरिकेहून मोडेम आणतोय, चालेल?

खाडीपार_आरएफ: फ्रिक्वेन्सी बदलली आणि त्या वेळी लॉगमध्ये टी३, टी४ नसेल तर सीएमटीएसने गर्दी वाटली, ते नेहमीचंच. टी४ असेल, म्हणजे ३० सेकंद सीएमटीएसकडून विचारणाच आली नाही, तर तो बिघाड.

भाच्याला नको म्हणा. तिथले मोडेम ६ मेगाहर्ट्झच्या चॅनलांचे आणि बऱ्याच जणांचा अपस्ट्रीम ४२ ला संपतो. तुमचा ५८ वर जातोय. शिवाय मॅक पत्ता (मोडेमचा स्वतःचा ओळख क्रमांक) केबलवाल्याकडे नोंदवल्याशिवाय कुठलाच मोडेम चालू होणार नाही. वायर बदलल्यावरचे आकडे टाका. अपस्ट्रीम तरीही ५० च्या वरच राहिली तर टॅपपाशी मोजून द्यायला सांगा. तिथेही लेव्हल कमीच निघाली तर काम त्यांच्या लाइनवरचं, तुमच्या घरातलं नाही.